मिस्त्रींचं नाक

मिस्त्रींच्या गॅरेजपेक्षा मिस्त्रींच्या नाकाचाच बोलबाला मोठा होता. गॅरेज म्हणजे काय, तर पत्र्याचं छप्पर, दोन गाड्या जेमतेम मावतील एवढी जागा, मधोमध एक खड्डा, आणि कुठला पाना कुठे टांगायचा हे कळावं म्हणून भिंतीवर काळ्या रंगाने काढलेले पान्यांचे आकार. पण गाडी कोपऱ्यावर वळली रे वळली की हे आतूनच ओरडायचे, "क्लच जाळून आणलास की नाही?" आणि गाडीवाला खाली उतरायचा तो कान पकडूनच.

एकदा एका वकिलाची गाडी आली. तिच्यात पंखा लावला की भुकभुक आवाज व्हायचा. तीन गॅरेजांनी वायरिंग बदललं होतं. मिस्त्रींनी पंख्याच्या जाळीला नाक लावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "उंदीर. डाव्या बाजूला. परवा मेलाय." उंदीर निघाला, डाव्या बाजूलाच निघाला. तो परवाच मेला होता की तेरवा, हे उंदराला विचारायची सोय नव्हती, पण त्या दिवसापासून ते सगळ्यांचे नाकवाले मिस्त्री झाले ते कायमचे.

त्यांचे नियमही नाकाचेच असत. इंजिनवर जळकं ऑइल आलं तर झाकण बघा. बॅटरीपाशी आंबूस आलं तर चार्जिंग बघा. गाडीत बसल्यावर कूलंट मिसळलेल्या पाण्याचं गोड आलं तर हीटर फुटलाय समजा. वास नाही, तर हीटर नाही. हे सगळं ते तीस वर्षं असं ठणकावून सांगत आले होते की दोन-तीन गिऱ्हाइकांना तोंडपाठ झालं होतं.

आणि दोन वर्षांपूर्वी मिस्त्री तापाने आडवे झाले. आठ दिवसांनी ताप उतरला, महिन्याभरात अंगात ताकद आली, तोंडाची चवही अर्धीमुर्धी परतली. नाक मात्र परत आलं नाही. गॅरेजात कोणी नाही असं बघून त्यांनी पेट्रोलचा डबा उघडून हुंगला. काही नाही. थिनर हुंगलं, डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही. घरी बायकोच्या केसांच्या तेलाची बाटली हुंगली, तीही नुसती बाटलीच. त्यांनी बाटली जागेवर ठेवली आणि कोणालाही अवाक्षर सांगितलं नाही. सांगणार तरी कोणाला? गवयाचा गळा बसला तर लोक हळहळतात. मेकॅनिकचं नाक बसलं तर लोक आधी हसतात आणि मग दुसरा मेकॅनिक शोधतात.

तेव्हा त्यांनी सोंग चालू ठेवलं. बॉनेट उघडायचं, वाकायचं, डोळे मिटायचे, श्वास ओढायचा, आणि "हं" म्हणायचं. बाकीचं काम कान, डोळे आणि तीस वर्षांची सवय मिळून उरकत होते. दोन वर्षं उरकलं. पण मनातून माणूस रोज धास्तावलेला असे, आणि धास्ती एकाच माणसाची होती.

तो माणूस म्हणजे मिस्त्रींचा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लग्न झालं तेव्हा तो पिशवीत स्पेअर पार्ट घेऊन दारोदार विकायचा. मग त्याला गॅरेज काढायची हुक्की आली आणि तो सहा महिने मिस्त्रींच्या खड्ड्याच्या काठावर बसून काम शिकला. हात चांगला होता, डोकंही होतं. नाक नव्हतं. मिस्त्री त्याला बॉनेटमध्ये वाकायला लावून विचारायचे, "काय येतंय?" तो बापडा खूप हुंगून म्हणायचा, "गाडीचा वास येतोय, दादा." मिस्त्री चारचौघांत म्हणायचे, "याच्या नाकात देवाने कापूस कोंबलाय!" लोक हसायचे. साडूही हसायचा. हसता हसता एक दिवस तो गेला आणि चौकापलीकडे स्वतःचं गॅरेज टाकून बसला.

आज त्या गॅरेजला काचेचं दार होतं. आत पांढऱ्या टाइल्स, आणि त्यांच्यावर ऑइलचा एक थेंब असेल तर शपथ. गिऱ्हाइकांना बसायला गाद्यांच्या खुर्च्या. गाडी वर उचलायची लिफ्ट. आणि एक यंत्र, जे रेडिएटरच्या तोंडाला लावून हवेचा दाब दिला की गळती कुठेही असो, बाहेर पडते म्हणे. मिस्त्री त्या रस्त्याने जायचं टाळत, आणि टाळता टाळता आठवड्यातून दोनदा जात. मत्सर वाटत होता, दुसरं काय! त्यांना साडूच्या टाइल्स बघवत नव्हत्या, लिफ्ट बघवत नव्हती, आणि पन्नाशी उलटून डोक्यावर टिकलेले त्याचे केस तर मुळीच बघवत नव्हते. सासूबाईंकडे गेलं की उशीवाली खुर्ची साडूला, आणि थोरल्या जावयाला स्टूल. "तुम्हाला कडक बसायची सवय आहे ना," सासूबाई म्हणत. कडक बसायची सवय! तीस वर्षं खड्ड्यात उभा राहणारा माणूस!

त्यात गेल्या वर्षी सासूबाईंच्या वाढदिवसाला कहर झाला. संध्याकाळी अंगणात सगळे पाहुणे जमलेले. मिस्त्री एका कडेला उभे राहून सिगारेट तोंडात धरून काडी ओढणार, तोच साडू लगबगीने आला आणि त्याने हातातली काडेपेटी सरळ काढून घेतली. वर दात काढून म्हणाला, "सोडा आता हे, दादा. वय झालं." आणि खांद्यावर हात टाकून लहान मुलाला न्यावं तसं त्यांना घरात नेलं. सगळ्यांसमोर! मिस्त्री वर्षभर तो हात खांद्यावरून झटकत होते.

अशा दिवसांत हेडबाईंची गाडी आली.

हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या वस्तीला त्यांनी बाकावर उभं केलेलं, त्यामुळे अजूनही त्या आल्या की लोक सिगारेटी विझवत. त्यांची बिस्किटी रंगाची गाडी सव्वीस वर्षांची, आणि सव्वीस वर्षांत मिस्त्रींखेरीज कोणाचा हात तिला लागला नव्हता. अशी गिऱ्हाइकं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. हेडबाई गेल्या तर त्यांचे विद्यार्थीही जाणार, हे मिस्त्रींना पक्कं ठाऊक होतं.

"मिस्त्री, ही गाडी पाणी पिते आणि कुठे सांडते ते सांगत नाही," हेडबाई म्हणाल्या. "आठवड्याला तांब्याभर कमी होतं. कधी चार दिवस काही नाही, कधी दोन दिवसांत रेडिएटरची बाटली तळाला."

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, वाकले, डोळे मिटले, "हं" म्हणाले. मग नळ्या दाबून पाहिल्या, क्लिपा आवळल्या, वॉटर पंपाखाली बोट फिरवलं. कोरडं. इंजिन तासभर चालू ठेवून गाडीखाली पुठ्ठा अंथरला. कोरडा. धुरात पाणी जातंय का म्हणून मागच्या नळीपुढे आरसा धरला. काही नाही. म्हातारं झालेलं रेडिएटरचं झाकण तेवढं बदललं आणि म्हणाले, "झालं काम."

दहा दिवसांनी गाडी परत. या खेपेला हेडबाईंनी आखलेली वही आणली होती. तारीख, किती पाणी घातलं, कुठे गेले, असे रकाने पाडलेले.

"वाचून बघा, उपयोग होईल," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींना राग आला. "बाई, मला वही कशाला? गाडी समोर असताना मी काय परीक्षेला बसलोय?"

"तेही खरंच," म्हणून हेडबाईंनी वही पिशवीत ठेवली. नाकवाल्या मिस्त्रींना लिहून काय दाखवायचं, असं त्यांना खरोखरच वाटलं.

मिस्त्रींनी वरची नळी बदलली. मग आतून गाडी पाहिली. पुढची काच आतल्या बाजूने तेलकट, धुरकट झाली होती. त्यांनी फडक्याने पुसून दिली आणि म्हणाले, "आतून कधी पुसता की नाही?" डावीकडच्या चटईखाली हात घातला तर गालिचा ओलसर लागला. तिथेच हेडबाईंची पोहण्याची पिशवी होती. बाई अडुसष्टाव्या वर्षी जमेल त्या सकाळी तरणतलावावर जात. "आणि ओला टॉवेल गाडीत ठेवत जाऊ नका," मिस्त्री म्हणाले. हेडबाई शरमल्या. सबंध आयुष्य दुसऱ्यांना शिस्त लावलेली बाई, त्यांना ते लागलं.

तिसऱ्या खेपेला त्या गाडीतून उतरल्या त्याच अवघडून. पिशवीचा बंद हातात फिरवत म्हणाल्या, "रागावू नका हं, मिस्त्री. तुमच्या साडूंकडे ते दाबाचं यंत्र आहे म्हणतात. एकदा त्यांना..."

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "यंत्राला नाक असतं का, बाई?" ते म्हणाले. "गाडी आठ दिवस माझ्याकडे ठेवा. आठ दिवसांत गळती काढली नाही, तर खुशाल न्या त्याच्याकडे. मी पुन्हा तुमच्या गाडीचं बॉनेट उघडणार नाही."

बोलून गेले, आणि किल्ली मागून घेतली.

आठ दिवस त्यांनी ती गाडी स्वतः चालवली. चढावर नेली, खड्ड्यांतून नेली, भर दुपारी बंद काचांनिशी उभी केली. हीटर मात्र त्यांनी लावला नाही. मिस्त्रींना हीटरची चीडच होती. थंडी वाजत असेल तर माणसाने स्वेटर घालावा, गाडीला का तापवावं, असं त्यांचं ठाम मत होतं. बाटलीवर त्यांनी खडूने रेघ मारली होती. आठ दिवसांत पाणी त्या रेघेवरून केसभरही हललं नाही. मग त्यांच्या मनात भलभलते विचार यायला लागले. हेडबाईंना पाणी मोजता येत नसेल. किंवा साडूनेच त्यांच्या कानात काही भरवलं असेल. नववीच्या वर्गाला धाक घालणारी बाई कोणाच्या भरवण्याने भरणार नाही हे त्यांना कळत होतं, पण मत्सराला हिशोब लागत नाही.

नवव्या दिवशी त्यांनी गाडी परत केली. छाती काढून म्हणाले, "एक थेंब नाही. बघा रेघ."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना बायकोने ताटात वाढता वाढता सांगितलं, "धाकटीचा फोन होता. हेडबाई उद्या सकाळी गाडी घेऊन त्याच्याकडे यायच्यात. आज पुन्हा पाणी कमी झालं म्हणे."

मिस्त्रींनी घास खाली ठेवला. "तुझी बहीण हे मला कळावं म्हणून सांगते, की मला झोंबावं म्हणून?"

"मी दोन्हीसाठी सांगत नाही. मी सांगते कारण उद्या तुम्ही तिकडे जाणार आणि मला वाटेल कुठे गेलात."

"मी कशाला जातोय तिकडे? माझा काय संबंध?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री साडूच्या गॅरेजसमोर, रस्त्याच्या पलीकडे, पाववाल्याच्या टेम्पोआड उभे होते.

हेडबाई पोहून आल्या होत्या, केस अजून ओले होते. साडू काचेच्या दारातून बाहेर आला, अदबीने वाकला. मिस्त्रींनी दात-ओठ खाल्ले. आता लिफ्ट खाली येईल, आता यंत्र येईल, आता तीस वर्षांचं नाक भर बाजारात कापलं जाईल. पण यंत्र आलंच नाही. साडूने नुसतं डावीकडचं दार उघडलं आणि आत बसला. मिनिटभर बसला. मग खाली वाकून चटई उचलली, दोन बोटं गालिच्यावर दाबली, ती अंगठ्यावर चोळली आणि नाकाजवळ नेली.

नाकाजवळ! कापूस कोंबलेल्या नाकाजवळ! मिस्त्रींना एवढा संताप आला की टेम्पो सुरू झालेला त्यांना कळलाच नाही. टेम्पो गेला आणि मिस्त्री भर रस्त्यात उघडे पडले. ते घाईघाईने बुटाची लेस बांधायला खाली वाकले. पायात चपला होत्या.

ते कसेबसे गॅरेजात परतले. पाना हातात घेतला, भिंतीवर टांगला, पुन्हा काढला. अर्ध्या तासात बिस्किटी गाडी कोपऱ्यावर वळली. हेडबाई उतरल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ होता.

"कमाल आहे तुमच्या साडूंची," त्या म्हणाल्या. "काम घेतलंच नाही. म्हणाले, ही गाडी दादांची आहे, त्यांच्याकडेच न्या. त्यांना फक्त एवढं सांगा की तुम्ही सकाळी हीटर लावता."

"हीटर?"

"पोहून आल्यावर हुडहुडी भरते हो. घरी पोचेपर्यंत पूर्ण लावते. दुपारी तुमच्याकडे येते तेव्हा कशाला लागतो?" त्यांनी ओल्या केसांवरून हात फिरवला. "आणि तो गोडसर वासही तेव्हाच येतो. पण ते तुम्हाला मी काय सांगायचं! तुम्हाला तर कोपऱ्यावरूनच आला असेल."

मिस्त्रींनी हात पुढे केला. "वही द्या, बाई."

वहीत चार रकाने होते. चौथ्या रकान्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'वास'. पाणी कमी झालेल्या प्रत्येक तारखेपुढे त्या रकान्यात बरोबरची खूण होती. ज्या आठ दिवसांत गाडी मिस्त्रींकडे होती, त्या ओळी कोऱ्या होत्या. आणि पहिल्याच पानावर त्या रकान्याखाली कंसात एक टीप होती: मिस्त्रींना सांगायची गरज नाही.

त्यांनी हीटरचा कॉक उघडला, इंजिन तापू दिलं, चटई उचलून हात घातला. ओल होती, पण टॉवेलच्या पाण्याची नव्हती. बोटांना चिकट लागत होती. डॅशबोर्डमागे हीटरचा छोटा रेडिएटर असतो, त्यातून ती झिरपत होती. हीटर बंद असला की कॉक बंद, पाणी तिथवर जातच नाही, गळणार काय! काचेवरचा तो तेलकट धूरही त्याचाच. सगळं डोळ्यांपुढे होतं, हाताखाली होतं. पण पहिल्याच दिवशी गाडीत बसल्यावर त्यांनी सवयीने श्वास ओढला होता, वास आला नव्हता, आणि सवयीनेच मनातल्या यादीतून हीटर खोडून टाकला होता. वास नाही, तर हीटर नाही. ज्या नाकावर आपणच दोन वर्षं विश्वास ठेवत नव्हतो, त्याचं त्या एका क्षणी ऐकलं होतं.

"सापडलं का?" हेडबाईंनी विचारलं.

"सापडलं. दोन दिवस लागतील. अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय नव्हता. हेडबाईंना वाटलं, माणूस दमलाय.

मिस्त्री दमलेले नव्हते, जळत होते. साडूला गळती मिळाली याचं एक वेळ चाललं असतं. त्याने गिऱ्हाईक घेतलं असतं, गावभर सांगितलं असतं, तर मिस्त्रींनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या असत्या आणि रात्री शांत झोपले असते. पण त्याने गाडी परत पाठवली. वर, कळेल न कळेल असा इशारा देऊन. म्हणजे त्याला माहीत होतं. ज्याला माहीत नाही तो असला निरोप पाठवत नाही.

दुपारी घरी गेल्या गेल्या त्यांनी बायकोला धारेवर धरलं. "तू सांगितलंस त्याला?"

"काय?"

"माझ्या नाकाचं!"

बायको भांडी विसळत होती. तिने मान वळवली नाही. "काय झालंय तुमच्या नाकाला?"

मिस्त्रींचा हात नाकाकडे गेला. मग तिनेच नळ बंद केला. "दोन वर्षं झाली, तुमच्या पुढ्यात ठेवायच्या आधी मी दूध हुंगते," ती म्हणाली. "नासलेलं एकदा अर्धा पेला प्यायलात, आणि छान आहे म्हणालात. तेव्हाच कळलं. मी कोणाला सांगितलं नाही. तुम्ही मलाच सांगितलं नव्हतं, तर मी दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगू?"

"मग त्याला कसं कळलं?"

"आईच्या वाढदिवसाला. त्याच्या मोटरसायकलची नळी सुटून अंगणात पेट्रोल सांडलं होतं. मातीत जिरलं, दिसत नव्हतं, पण आम्ही सगळ्या आतून नाकाला पदर लावून बाहेर आलो. आणि तुम्ही नेमके त्याच्यावर उभे राहून काडी ओढत होतात."

मिस्त्री स्टुलावर बसले.

"तो मला एवढंच म्हणाला," बायको हात पुसत म्हणाली, "ताई, दादांच्या खिशातली काडेपेटी तेवढी बघत जा. बाकी काही विचारलं नाही. वर्षभरात एकदाही नाही."

मिस्त्रींनी मनातल्या मनात मोजलं. साडूच्या टाइल्सचा हेवा करून झाला होता, लिफ्टचा, केसांचा, उशीवाल्या खुर्चीचा झाला होता. आता त्याच्या चांगुलपणाचाही करायचा? एवढं सगळं एकाच माणसाकडे कशाला हवं? त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला, आणि जेवायचं सोडून पुन्हा गॅरेजात गेले.

दोन दिवस ते डॅशबोर्डमागे डोकं घालून होते. एकेक स्क्रू काढून पत्र्याच्या डब्यात टाकला, वायरींना चिठ्ठ्या बांधल्या. शेवटी तो हीटरचा रेडिएटर बाहेर आला. वहीएवढा, त्याच्या खालच्या कोपऱ्यात हिरवट खरपुड्या जमलेल्या. नवा बसवला, सगळं होतं तसं जोडलं, गालिचा धुऊन वाळवला, इंजिन तापवून हीटर पूर्ण लावला. चटईखाली कोरडं. काच स्वच्छ. मग ते सीटवर बसले आणि सवयीने श्वास ओढला.

वास नव्हता. पण तो तर आधीही नव्हता.

बायकोला बोलावता आलं असतं. हेडबाईंना बसवून विचारता आलं असतं, आणि त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलंही असतं. मिस्त्रींनी हीटर तसाच चालू ठेवला. मग उतरले, हात पुसले आणि फोन उचलला. साडू इथून गेल्यापासूनच्या सोळा वर्षांत त्यांनी त्याला स्वतःहून फोन केला नव्हता. नंबर बायकोला विचारावा लागला.

साडू दहा मिनिटांत आला. पत्र्याखाली वाकून आत शिरला, पान्यांच्या काळ्या आकारांकडे पाहून हसला. "काही बदललं नाही इथे," तो म्हणाला. आणि मग, राहवलं नाही म्हणून, "परवा चपलांची लेस बांधून झाली का, दादा?"

"बस आत," मिस्त्री म्हणाले. "दार लावून घे. वास घे."

साडूचं हसू गेलं. तो आत बसला, दार लावलं, डोळे मिटले. मिस्त्री काचेबाहेर उभे राहून बघत होते. साडूची नाकपुडी हलताना दिसली आणि त्यांना टाइल्स, लिफ्ट, केस, खुर्ची, काही म्हणता काही आठवलं नाही. तो माणूस श्वास आत घेत होता आणि आत काहीतरी जात होतं. उभ्या जन्मात त्यांना कोणाचा इतका हेवा वाटला नव्हता.

साडूने दार उघडलं. "नाही येत, दादा. साफ आहे."

"नक्की?"

"नक्की. तुमच्या गळ्याची शपथ."

मिस्त्रींनी मान हलवली. काम झालं होतं, साडू आता जाऊ शकत होता. पण मिस्त्री बाकावर गेले, तो काढलेला जुना रेडिएटर उचलून आणला आणि साडूच्या हातात दिला. त्याच्या कोपऱ्यात अजून थोडं पाणी साचलेलं होतं.

"आणि याचा?"

साडूने नाकाशी धरला. "याचा येतोय. गोड."

"गोड म्हणजे कसा?"

साडूने रेडिएटर नाकापासून खाली घेतला.

"मला आठवेनासा झालाय," मिस्त्री म्हणाले. "पेट्रोल आठवतो, जळका आठवतो. हा जायला लागलाय."

साडूने पुन्हा हुंगलं. "साखर पातेल्यात उकळत ठेवावी तसा," तो चाचरत म्हणाला. "पातेलं जरा लागलेलं."

"साखर सगळेच सांगतात. मागून काय येतंय?"

"मागून काही नाही, दादा."

"येतं! गडबड करतोस, म्हणून तुला कधी जमलं नाही. तोंड मीट. हळू ओढ. थांब, आता सोडू नकोस."

साडूने तोंड मिटलं. पन्नाशीचा, पांढऱ्या टाइल्सवाल्या गॅरेजचा मालक, हातात गंजका रेडिएटर धरून डोळे मिटून उभा राहिला. मिस्त्री त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हते.

"ओला पुठ्ठा," साडू एकदम म्हणाला. "ओल्या पुठ्ठ्यासारखं येतंय मागून!"

मिस्त्रींनी डोळे मिटले.

"तोच," ते म्हणाले. "अजून एकदा घे."